वाजणारा पत्रा

“अहो, सातवी गेली!” बायको दारातून ओरडली.

मी दाढीला साबण लावून बसलो होतो. अर्धा गाल तसाच पुसला आणि बाहेर येऊन पाहिलं. आमच्या गल्लीच्या टोकाला नदीत उतरणाऱ्या बारा पायऱ्या होत्या. त्या खालून मोजायच्या. पाणी किती आलं असं कुणाला विचारलं, तर तो फूट-मीटर सांगत नसे, पायरी सांगे. पायरीगणिक कामंही ठरलेली होती. पाचवी बुडाली की पिठाचा डबा माळ्यावर, सहावी बुडाली की गाद्या आणि कागदपत्रं, सातवी बुडाली की घरातली म्हातारी माणसं.

“म्हणजे माझा नंबर पिठानंतर,” आई दरवर्षी म्हणायची आणि स्वतःच हसायची. त्या दिवशीही म्हणाली. मी हसलो नाही, कारण सहावी बुडून जेमतेम अर्धा तास झाला होता. एरवी सहावी आणि सातवीच्या मध्ये चहा होऊन, पेपर वाचून व्हायचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी पाण्याला भितो. धंदा छपरावर पत्रे बसवण्याचा. उंचीचं मला काही वाटत नाही. गोदामाच्या आढ्यावर पाय सोडून मी डबा खाल्ला आहे. पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की मी मागे फिरतो. सहा वर्षांचा असताना पुरात वडिलांच्या खांद्यावरून मी पडलो होतो. त्यांनी लगेच ओढून काढलं. सगळं मिळून दहा आकडे मोजण्याइतका वेळ गेला असेल. पण नाकात शिरलेलं ते मातकट पाणी अजूनही मला झोपेत लागतं, आणि जन्म गेला तो त्या नदीच्या काठावर.

“छपरावर एवढा ऐटीत चालतोस आणि डबकं दिसलं की धोतर सावरतोस,” असं मापकाका म्हणायचे. धोतर मी जन्मात नेसलो नाही, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मापकाका म्हणजे आमचे शेजारी. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी नोकरी केली होती. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी ते बाजारात आले की भाजीवाले तराजू पुसून ठेवायचे. बुटके, ताठ, शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पट्टी. दूधवाल्याचं माप ते मोजत, डॉक्टरच्या गोळ्या मोजत. काकू सांगायच्या की लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी हाराची लांबी बरोबर आहे का ते पाहिलं होतं. त्यांचं घर आणि आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला, नदीच्या अंगाला, एकाच मधल्या भिंतीला धरून उभं होतं. बाकीची ओळ आमच्यापासून सुटी होती. मध्ये बैलगाडी जाईल एवढी बोळ होती.

पूर्वी सगळ्यांचीच छपरं कौलारू होती. पूर आला की सगळे माळ्यावर जायचे, डोक्यावरची चार कौलं सरकवायची आणि मुंडकी बाहेर काढायची. मग गल्लीभर गप्पा. कुणाची साखर राहिली, कुणाची कोंबडी वाहून गेली, सगळं छपराछपरावरून चालायचं. पाणी घरात कंबरेपर्यंत यायचं, दुपारपर्यंत बसायचं आणि निघून जायचं. लहानपणी मला पुराची भीती वाटायची, पण माळ्यावर गेल्यावर वाटत नसे. माळा म्हणजे सुटलो, असंच आम्हाला शिकवलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात मी गल्लीत पत्रे आणले. कौलं फुटतात, गळतात, दर वर्षी शाकारावी लागतात. पत्रा एकदा बसवला की वीस वर्षं बघायला नको. आधी माझं घर आणि मापकाकांचं घर करायचं, लोकांनी काम बघायचं आणि पावसाळ्यानंतर बाकीची गल्ली, असं ठरलं होतं. काम मी मन लावून केलं. आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड पत्रा, आणि प्रत्येक पत्र्याला सहा हूक बोल्ट. बोल्टाचा आकडा आतल्या वाशाला अडकतो आणि नट वर, बाहेर, घट्ट आवळला जातो. वादळ आलं तरी पत्रा उडत नाही.

मापकाका शिडीवर चढून मागून मोजत होते.

“शेवटच्या पत्र्याला चारच आहेत.”

“काका, चार पुरतात. कडेचा आहे.”

“कबूल किती केले होतेस?”

“सहा.”

“मग सहा.”

बोल्ट संपत आले होते. माझ्या घराच्या शेवटच्या पत्र्यासाठी चार बाजूला ठेवले होते. मी चिडून त्यातले दोन उचलले आणि त्यांच्या पत्र्याला आढ्याजवळ लावले. असे आवळले की पाना हातात वळला. “घ्या. आता हत्ती नाचवा,” मी म्हणालो. काकांनी दोन्ही नटांना बोट लावून पाहिलं आणि मान डोलावली. त्यांच्याकडून एवढी शाबासकी पुष्कळ होती.

माझा शेवटचा पत्रा मग दोनच बोल्टांवर राहिला. आढ्याजवळ दोन, खाली मोकळा. उद्या आणू, परवा आणू, म्हणता म्हणता उन्हाळा गेला. वारा सुटला की तो पत्रा वळचणीला थडथड वाजायचा. बायको म्हणायची, “लोकांची छपरं पक्की आणि आपल्या डोक्यावर ताशा.” मापकाका भिंतीपलीकडून खोकून निषेध नोंदवायचे. मी सगळ्यांना हो म्हणायचो.

तर त्या दिवशी सातवी गेली. आईचे गुडघे कामातून गेलेले, वजन भरपूर. शिडीवरून तिला चढवायचं म्हणजे मी खालून रेटा द्यायचा आणि बायकोने वरून ओढायचं. ती वर पोचेपर्यंत दारातून पाणी आत आलं होतं. माझी हत्यारांची पिशवी दाराशेजारी उंच खिळ्याला टांगलेली होती. आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराची खूण त्या खिळ्याच्या हातभर खाली होती.

“पिशवी घ्या वर,” बायको म्हणाली.

“तिथे पाणी पोचत नाही,” मी म्हणालो.

आम्ही माळ्यावर बसलो. माळा सबंध घरावर होता. मागच्या कोपऱ्यात चढायची झडप, मध्ये आढ्याखाली बसून ताठ राहता येईल एवढी उंची, कडेला तर रांगावं लागे. पत्र्यावर पावसाचा असा आवाज होता की ओरडून बोलावं लागत होतं. मधल्या भिंतीच्या माथ्याशी, पत्र्याखाली, वीतभर फट राहिली होती. तिथून मापकाकांचा आवाज आला.

“आलात का सगळे?”

“आलो. तुम्ही?”

“आम्ही सहावीलाच आलो. खाली दाराच्या चौकटीवर पट्टीने खुणा केल्यात. दहा मिनिटांत चार बोटं चढलंय. हे बरोबर नाही.”

हे बरोबर नाही, असं ते दूधवाल्यालाही म्हणायचे. पण या वेळी त्यांचा आवाज वेगळा होता.

दहाच्या सुमारास मी झडपेतून खाली बघितलं. खोली ओळखू येत नव्हती. खुर्ची तरंगत भिंतीला आपटत होती. कंबर, मग छाती. मी बघत असताना पाणी मोठ्या पुराच्या खुणेला टेकलं आणि वर गेलं. थोड्या वेळाने पिशवीचा बंद पाण्यात शिरला. मी झडप लावून घेतली, जशी काही झडप पाणी अडवणार होती. आईने विचारलं, “किती आहे रे?” मी म्हणालो, “थांबलंय.” आईशी एवढं सरळ खोटं मी शाळेतसुद्धा बोललो नव्हतो.

मग फळ्यांच्या भेगांतून पाणी वर आलं. हळू, आवाज न करता. आधी फळ्या काळ्या झाल्या, मग आईचं लुगडं भिजलं. आई उठून बसली आणि सवयीने म्हणाली, “अरे, कौलं सरकव आता.”

मी हात वर केला आणि पत्र्याला लागला.

त्या क्षणी मला कळलं. बायकोलाही कळलं, कारण तिने पत्र्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. आमच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या लोक माळ्यावर चढत आले, कारण वर कौलं होती आणि कौलं हाताने सरकत होती. मी ती काढून तिथे झाकण बसवलं होतं, आणि सातवी पायरी गेल्यावर आम्ही सगळे शिस्तीत त्या झाकणाखाली येऊन बसलो होतो. नट बाहेर होते, पाना खाली होता.

मी वेड्यासारखा आढ्याजवळचा पत्रा ढकलायला लागलो. पाठ लावली, पाय लावले. माझंच काम, ते तसूभर हललं नाही. पलीकडून मापकाकाही ढकलत असावेत, कारण पत्रा धपधप वाजत होता. मग ते थांबले.

“ऐक,” ते फटीतून म्हणाले. “उगाच दम घालवू नकोस. दहा मिनिटांत वीत चढतंय आता. आत तीन फुटांच्या वर जागा उरली नाही. म्हणजे चाळीस मिनिटं धर. विचार कर. बसवलंस तू, तर काढायचं कसं तेही तुलाच ठाऊक असणार.”

“आतून निघत नाही, काका.”

पलीकडे पाण्यात कुणीतरी सरकलं. मग काकूंचा आवाज, अगदी बारीक, “काय म्हणतोय तो?” आणि काकांचा, “विचार करतोय म्हणतो.”

मी विचार वगैरे काही करत नव्हतो. मांडीवर पाणी होतं आणि माझे दात वाजत होते. लाज वाटावी असा आवाज मी करत होतो, कण्हल्यासारखा. बायकोने माझ्या खांद्याला धरून हलवलं. पण आठवलं ते आईला.

“अरे, तो मेला वाजणारा पत्रा कुठला?”

कोपऱ्यातला. वळचणीचा. छप्पर तिथे सगळ्यात खाली होतं आणि पाणी सगळ्यात वर. म्हणून आम्ही तिकडे पाठ करून उंचावर सरकलो होतो. मी हनुवटीपर्यंत पाण्यात रांगत गेलो, डोळे मिटून. हात लावला, तर पत्रा हलला. पाठ लावून मी रेटला. वरचे दोन बोल्ट किंचाळले, पत्रा वाकला, आणि पांढरा उजेड आणि पाऊस एकदमच आत आला.

आधी बायको गेली. मग आई अडकली. अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि पावसात ओरडते आहे, “पिठाचा डबा आधी घेतलास का रे?” कशी बोलली कोण जाणे. मी खालून असा रेटा दिला की तिच्या कंबरेवर त्याचा व्रण पुढे कायम राहिला. शेवटी मी निघालो. पत्र्याच्या धारेने दंड कापला, ते नंतर कळलं.

बाहेर नदी नव्हती. सगळंच नदी होतं. बोळीतून पाणी असं धावत होतं की बघवत नव्हतं. पलीकडच्या ओळीत कौलांतून मुंडकी बाहेर आली होती, दरवर्षीसारखी, आणि बेकरीवाला दोन्ही हातांनी खुणा करत होता. आम्ही आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसलो आणि मी सरकत सरकत मापकाकांच्या पत्र्यावर गेलो.

“काका!”

आतून तीन वेळा ठोकलं. नीट, अंतर ठेवून.

“आम्ही निघालो! तुम्हाला काढतो!”

नट हाताने फिरवून पाहिले. बोटांची सालं निघाली, नट फिरला नाही. बेकरीवाल्याने बोळीवरून हातोडा फेकला, तो पत्र्यावर आपटून पाण्यात गेला. वाकवायला पहार नाही, फोडायला दगड नाही. पाना कुठे होता ते मला ठाऊक होतं. माझ्याच घरात, दाराशेजारी, खिळ्याला. वाकलेल्या पत्र्यातून परत आत जायचं, झडप उघडायची, बुडी मारून खाली उतरायचं आणि माळ्याखालच्या तुळया धरत धरत दारापर्यंत. झडपेपासून दारापर्यंत नऊ तुळया. फार तर पंधरा हात. मधे श्वास नाही.

मी त्या भगदाडाशी येऊन बसलो आणि आत पाय सोडले.

तिथे मी किती वेळ बसलो, ते मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो की नट काढायचा प्रयत्न करत होतो. खरी गोष्ट अशी की मी बसलो होतो. पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, आणि त्याच्या पुढे शरीर माझं ऐकत नव्हतं. आता उतरू म्हणायचो आणि नाकात ते मातकट पाणी यायचं. पलीकडून ठोकणं येत होतं. तीन. थांबून तीन. मी कानांवर हात ठेवले होते. मला भीती वाटली. याहून दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

बायको आढ्यावरून खाली सरकत आली. तिने माझ्याकडे बघितलं, आत बघितलं. रागावली नाही. पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, “तुम्ही आईंना धरा. मी जाते.”

तिला पोहता येत नव्हतं. तुळया किती तेही तिला माहीत नव्हतं.

तेव्हा मी गेलो.

आत काळोख होता. झडप पायाने चाचपली, उचलली, आणि खाली गेलो. पहिली तुळई, दुसरी. काहीतरी मऊ तोंडाला लागलं, उशी असावी. चौथीला छातीत कळ आली. सहावीला मी परत फिरणार होतो. फिरलोही असतो, पण परत जाणंही तेवढंच लांब होतं. नववी. भिंत. खिळा हाताला लागत नव्हता. मग पिशवीचा बंद बोटात आला आणि मी ती ओढली. परतताना तुळया मोजल्या नाहीत. वर आलो ते पाणी ओकतच. बायकोने मला केसाला धरून बाहेर काढलं.

ठोकणं आता तीन-तीन नव्हतं. एकच, मध्येच कधीतरी.

शेवटच्या पत्र्याचे खालचे दोन बोल्ट पाण्यात गेले होते. वरचे चार काढून पत्रा उलटा वाकवायचा. मधले दोन सुटले. आढ्याजवळचे दोन सुटेनात. तेच दोन, माझ्या घरातून आणलेले, चिडून आवळलेले. पान्यावर मी उभा राहिलो, अंगाचं सगळं वजन टाकलं, आणि रडत होतो बहुतेक, कारण बायको म्हणत होती, “रडू नका, दाबा.” एक सुटला. मग दुसरा.

पत्रा वाकवला तर आधी काकूंचा हात आला. मग चेहरा, आढ्याला टेकलेला, तोंड वर केलेलं. चार बोटं हवा उरली होती तिथे. आम्ही दोघांनी त्यांना ओढून काढलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्या फक्त खाली बोट दाखवत होत्या.

काकूंना काकांनी लोखंडी पेटीवर बसवलं होतं. पेटी पाण्याने हलत होती, म्हणून ते खाली बसून ती धरून होते. जोवर जमत होतं तोवर वर येऊन श्वास घेत आणि पुन्हा खाली जात. मी हात घातला तेव्हा त्यांची बोटं पेटीच्या कड्यातून सोडवावी लागली.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. त्यानंतर गल्लीत मला पुष्कळ लोक भेटले. पुन्हा पाण्यात उतरलास, दुसरा कुणी उतरला नसता, असं म्हणाले. बेकरीवाल्याने तर पाठ थोपटली. मी मान खाली घालून ऐकून घ्यायचो, आणि लोकांना तो माझा मोठेपणा वाटायचा. बायकोने त्या दिवसाबद्दल कधी शब्द काढला नाही.

तीन आठवड्यांनी काकूंनी मला बोलावलं. भाचीच्या घरून त्या परत आल्या होत्या. चिखल काढून झाला होता, भिंती अजून ओल्या होत्या.

“तेवढं छप्पर नीट करून दे,” त्या म्हणाल्या. “आकाश दिसतंय.”

मी नवा पत्रा आणला होता. माळ्यावर चढलो. काकूही हळूहळू शिडी चढून मागे आल्या; मी नको म्हणत असताना आल्या. चष्मा पुरात गेला होता, नवा अजून झाला नव्हता.

“त्या भिंतीवर ते काहीतरी खरवडत होते,” काकू म्हणाल्या. “किल्लीने. मी बॅटरी धरली होती. काय लिहिलंय बघ.”

मधल्या भिंतीवर, चुन्यात, आडव्या रेघा होत्या. एकीवर एक, वर वर चढत गेलेल्या, प्रत्येक रेघेशी बारीक आकडे. पाणी कुठवर आलं आणि किती वाजता. दर दहा मिनिटांनी एक. रेघा सरळ होत्या. मी सगळं एकदा मनात वाचलं.

“वाच की,” काकू म्हणाल्या.

काहीही वाचता आलं असतं. त्यांना दिसत नव्हतं. एक रेघ गाळली असती तरी कळलं नसतं. मी भिंतीसमोर गुडघ्यांवर बसलो होतो आणि पुराच्या दिवशी वाटली तेवढीच भीती मला वाटत होती.

“अकरा वीस,” मी वाचलं. “फळीला लागलं.”

“हं.”

“अकरा तीस. एक वीत. अकरा चाळीस. दोन विती, एक बोट कमी.” मी पुढच्या रेघेवर बोट ठेवलं. “अकरा पंचेचाळीस. पत्र्यावर पाय वाजले. तो सुटला.”

काकूंनी वाशाला हात टेकला.

“अकरा पन्नास,” मी म्हणालो. “बारा. आतून ठोकतो आहे. बारा दहा.”

“पुढे?”

“पुढे नाही.”

मी सुटल्यापासून काकांचा हात थांबेपर्यंत पंचवीस मिनिटं. नटांशी झटापट करण्यात पाच गेली असतील, बुडी मारण्यात दोन. बाकीची मी पाय सोडून बसलो होतो. भिंतीने ती अर्ध्या मिनिटाचाही घोळ न करता लिहून ठेवली होती. मी वळून काकूंकडे बघितलं नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी बादली ओतली, तो आवाज आला.

“काकू, माझ्याकडून…” मी सुरुवात केली.

“बरोबर असेल,” काकू म्हणाल्या. “त्यांचं माप कधी चुकलं नाही.”

मग त्या पुढे आल्या, भिंत चाचपत. त्यांचा हात रेघांवरून खालून वर गेला आणि ‘पाय वाजले’ जिथे लिहिलं होतं तिथे थांबला. म्हणजे कुठे काय आहे ते त्यांना माहीत होतं.

“हे वाचलं तेव्हा ते हसले होते,” त्या म्हणाल्या. “लिहिलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाले, सुटला बघ, त्याची म्हातारीही सुटली असणार.”

मी त्या फळ्यांवर बसून रडलो. काकूंनी मला थोपटलं नाही आणि थांब असंही म्हणाल्या नाहीत. त्या भिंतीला हात लावून बसल्या होत्या. माझं झाल्यावर त्यांनी नव्या पत्र्याकडे मान वळवली.

“किती बोल्ट आणलेस?”

“सहा.”

“दोनच लाव,” काकू म्हणाल्या. “वरती. खाली मोकळा राहू दे.”

मी दोनच लावले. पाना आतल्या वाशाला सुतळीने बांधून ठेवला. भिंतीला चुना लावू का विचारलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली.

संध्याकाळी वारा सुटला तेव्हा मी अंगणात होतो. आधी आमचा पत्रा वाजला. मग त्यांचा.